अर्धा वाटा, पहिला हात

मोरखोल बंदर, ता. श्रीवर्धन
६ ऑगस्ट २०२४

चि. कल्पिता,

आशीर्वाद आधी घे, मग शिव्या. नोकरी लागून महिना झाला आणि आत्याला कळलं कुणाकडून, तर मासळीच्या गाडीवरच्या विनेशकडून. डबे चढवता चढवता म्हणतो, "आत्या, तुमची भाची आपल्या कंपनीच्या तुर्भ्याच्या हापिसात आलीय, माणसांचं खातं बघते." मी म्हटलं, माणसांचं खातं म्हणजे काय रे? तर म्हणे कोणाला ठेवायचं, कोणाला पाठवायचं, रजा, पगार सगळं. म्हणजे माझ्या कडेवर बसून माझ्याच पदराला नाक पुसणारी पोर आता माझी साहेब. बरं वाटलं हो. कोळंबी सोलायच्या आमच्या शेडमधल्या सगळ्या बायकांना चहाबरोबर सांगून झालं.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. शेडमध्ये फोन न्यायला बंदी, घरी रेंज हवी तर गच्चीवर चढावं लागतं, आणि फोनवर तू नुसतं "हो आत्या, हो आत्या" करतेस. शिवाय मला लिहायची खोड जुनी आहे. गुजरातेत बोटींवर गेलेल्या खलाशांना त्यांच्या बायकांची पत्रं मीच लिहून द्यायचे, त्यात दोन ओळी माझ्या पदरच्या घालायचे. विनेश दिवसाआड तुर्भ्याला येतो. त्याच्याकडे दिलंस की पोचलं. मात्र पाकीट नीट चिकटव, त्याला वाचायची आवड आहे.

आता कामाचं. पावसाळ्याची बंदी उठली, बोटी सुटल्या, पहिल्याच खेपांना कोळंबी भरपूर आली. सगळं छान चाललंय आणि मधेच कुणीतरी पुडी सोडली की दिवाळीनंतर कंपनी साठीच्या पुढच्या सगळ्या बायकांना घरी बसवणार. तेव्हापासून कोणाचं कामात लक्ष नाही. मच्छीमार सोसायटीची शेड होती तेव्हापासून मी इथली मुकादम आहे. कंपनीने शेड घेतली, रंग बदलला, मुकादम बदलली नाही.

मी ठणठणीत आहे, माझं सोड. पण शेड सुटली तर मला पनवेलला जावं लागेल. अल्पेश कधीचा टपून बसलाय. मुलगा चांगला, सून त्याहून चांगली, पण चौथ्या मजल्यावर गॅलरीत बसून समोरच्या बाईचे वाळत घातलेले कपडे किती दिवस बघू मी? मला ही शेड हवी, ह्या बायका हव्यात, ह्यांची भांडणं हवीत. तुझ्या कानावर काही आलं तर कळव.

तुझी, अजून तरी मुकादम,
तुळशीआत्या


नेरूळ
१२ ऑगस्ट

ती. आत्या,

वाकून नमस्कार. खुर्चीत बसून जेवढं वाकता येतं तेवढाच, कारण हे पत्र मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. विनेश खाली गाडी लावून उभा आहे आणि मला घाई करतोय.

नोकरीचं कळवलं नाही, चुकलं. तुझ्याच कंपनीत लागलेय हे तुला समोर बसून सांगायचं होतं आणि तुझं तोंड बघायचं होतं. विनेशने मजा घालवली.

कुणकुणीचं काय घेऊन बसलीस? इथे रोज नवी निघते. अजून काही ठरलेलं नाही, हे मी तुला खात्रीने सांगू शकते. तू बायकांना शांत कर.

बरं, सहज विचारते. शेडमध्ये साठीच्या पुढच्या बायकांना नेमकं कुठलं काम जड जातं? उभं राहणं, उचलणं, की थंडगार पाणी? आणि तुला स्वतःला काही त्रास होतो का? मोकळेपणाने लिही. आणि आपल्या आजोबांच्या वेळी बोटीवर म्हाताऱ्या खलाशांचं काय करायचे गं? बाबांना विचारलं तर ते म्हणाले, आत्याला विचार, तिला सगळं आठवतं.

नेरूळच्या बाजारात मांदेली मिळते पण ती मांदेली नव्हे. मे महिन्याच्या सुट्टीत तू तळून द्यायचीस, कुरकुरीत, काट्यासकट खायची, ती आठवली की इथली ताटात घ्यावीशी वाटत नाही.

तुझी,
कल्पिता


मोरखोल
१७ ऑगस्ट

चि. कल्पिता,

तुझं "सहज" मला बरोबर कळतं. अल्पेशने फोन केला ना तुला? आईला काम झेपतं की नाही ते काढून घे म्हणाला असणार. त्याला सांग, आई सकाळी सहाला बर्फाच्या पाण्यात हात घालते आणि हूं की चूं करत नाही. मला काडीचाही त्रास नाही. लिहून घे.

त्रास आहे तो जनीला. हे तुला म्हणून सांगते, हापिसात बोलायचं नाही. जनीचे गुडघे गेलेत. खाली बसली की उठवायला दोघी लागतात. म्हणून आम्ही तिला कोपऱ्यात पालथ्या क्रेटवर बसवतो आणि निकेश फेरी मारायला आला की दोन दांडग्या पोरी तिच्यासमोर उभ्या करतो. निकेश म्हणजे आमचा मॅनेजर, तिशीचा पण नसेल. त्याला दिसत नाही असं नाही. चांगला मुलगा आहे, छताकडे बघत पुढे जातो. जनीच्या पाट्या मी उचलते. तिची माझी जोडी शेडच्या पहिल्या दिवसापासूनची, तिला अशी कशी सोडणार?

कंपनीने हातमोजे दिलेत ते पण तुला माहीत असू दे. रबरी. आम्ही त्यांची बोटं कापून टाकली. मोज्यातून कोळंबीची शीर हाताला लागत नाही, मग सोलायचं कसं?

आणि तू आजोबांचं, म्हणजे माझ्या बाबांचं विचारलंस. आपल्या बंदरात म्हाताऱ्याला कोणी घरी बस म्हणायचं नाही. एका वर्षी हंगामाच्या सुरुवातीला बोटीच्या तांडेलाने, म्हणजे म्होरक्याने, बाबांना जाळं ओढायला हाक मारली नाही, जाळं विणायची सुई त्यांच्यापुढे धरली. बाबांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि घेतली. झालं. त्या वर्षापासून पूर्ण वाट्याच्या जागी अर्धा वाटा. वाळूत बसून जाळी दुरुस्त करायचे, तरण्या पोरांवर ओरडायचे, पण शेवटपर्यंत बोटीचेच होते. बोट परत आली की घरातून उठून सगळ्यांच्या आधी किनाऱ्यावर.

परवा नारळी पुनव. नारळीभात केला की तुझी आठवण काढीन. अल्पेशला काय सांगायचं ते वर लिहिलंच आहे.

तुझी, ठणठणीत,
तुळशीआत्या


नेरूळ
२८ ऑगस्ट

ती. आत्या,

हे पत्र वाचताना आधी चहा घे आणि मग बस.

अल्पेशदादाने मला फोन केला नव्हता. ते प्रश्न माझेच होते. मोठ्या वयाच्या कामगारांचं धोरण मीच लिहितेय. नोकरीला लागल्याबरोबर मला तेच काम मिळालं. "अजून ठरलेलं नाही" हे खरं होतं, पण ठरवणाऱ्यांत मी आहे हे मी लपवलं. तू दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक.

माझ्या आधीच्या माणसाने जे लिहून ठेवलं होतं ते एका ओळीचं होतं. साठ पूर्ण झाले की शाल, नारळ, फोटो, संपलं. आमचे मालक हितेशभाई, ते म्हणतात की वयस्क बायका दुपारपर्यंत दमतात, मालाला वेळ लागतो आणि कोणी पडलं-झडलं तर जबाबदारी कंपनीवर. त्यांचं अगदीच चूक आहे असं नाही. पण मला तुम्हाला शाल द्यायची नव्हती.

मग तुझं पत्र आलं आणि मला उत्तर सापडलं. अर्धा वाटा. मी हितेशभाईंना आजोबांची गोष्ट सांगितली. माझी आत्या तिथे मुकादम आहे हेही सांगून टाकलं, उगाच नंतर कोणी बोट दाखवायला नको. ते म्हणाले, "सारूं, मग खरं काय ते तरी कळेल." आता ठरलंय ते असं: साठीनंतर ज्यांना हवं त्यांनी अर्धा दिवस काम करायचं, पगार अर्धा, पण दवाखान्याचं कार्ड, दिवाळीचा बोनस आणि नोकरी पूर्वीसारखी. कोणी घरी जायचं नाही. त्यांना पटलं. मी खरंच नाचायची बाकी होते.

निकेश येत्या सोमवारी नोटीस लावेल. मी मुद्दाम तुमच्याच शब्दांत लिहिली आहे, "साठीनंतर अर्धा वाटा". जनीमावशीला पहिल्यांदा सांग. तिला आता क्रेटवर लपून बसायला नको.

रागावली नाहीस ना?

कल्पिता


मोरखोल
४ सप्टेंबर

कल्पिता,

रागावले आहे.

लपवलंस त्याचं नाही. हापिसातलं हापिसात ठेवायचं असतं, ते मला समजतं. सोमवारी काय झालं ते ऐक. निकेशने नोटीस लावली आणि मोठ्याने वाचली. "साठीनंतर अर्धा वाटा." मग आवडाबाईने सुरी खाली ठेवली. तिची जीभ तुला माहीत नाही. म्हणाली, "अर्धा वाटा नव्या पोराला देतात. ज्याला अजून बोट लागते, जो खाडीतच ओकतो, त्याला. माझी तीन मुलं बोटीवर गेली, सून आली, नातवंडं आली, आन् मी आता अर्ध्या वाट्याची?" की सगळ्या एकदम सुरू. त्या दिवशी चहासुद्धा कोणी घेतला नाही. निकेश बिचारा नोटीस काढू की ठेवू करत उभा. एकीनेही नाव दिलं नाही आणि देणार पण नाही. जनीसुद्धा नाही.

आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तुझी भाची ना हापिसात, म्हणून.

तू बाबांचा अर्धा वाटा घेतलास आणि पहिला हात तिथेच ठेवलास. विकायची मासळी वेगळी, तिचे पैसे वाटले जायचे. पण घरी खायची मासळी किनाऱ्यावर वाळूत पसरायचे. तिच्यात पहिला हात कोणाचा? अर्ध्या वाट्याच्या म्हाताऱ्याचा. तो आधी उचलणार, त्याला हवं ते. मग तांडेल. मग बाकीचे. नव्या पोराचा अर्धा वाटा सगळ्यांत शेवटी, उरलेल्यातला. दोघांचा वाटा सारखा, पण एकजण पहिला आणि एकजण शेवटचा, आणि सगळा मान त्यातच. पहिल्या हाताशिवाय अर्धा वाटा म्हणजे म्हाताऱ्याला पोरांच्या रांगेत उभं केल्यासारखं झालं.

बाबांचा पहिला हात असूनसुद्धा ते मांदेली उचलायचे. समोर ताटाएवढं पापलेट पडलेलं, आम्ही पोरं मागून त्यांचं धोतर ओढायचो, आणि हे ओंजळ भरून मांदेली घेऊन घरी निघायचे. आईला मांदेली आवडायची. आम्ही दोन-दोन दिवस फुगून बसायचो. पण तो त्यांचा प्रश्न. हात त्यांचा पहिला होता, हे महत्त्वाचं.

माझं म्हणशील तर मी पूर्ण वाट्याची आहे आणि तशीच राहणार.

तुळशी


नेरूळ
२० सप्टेंबर

ती. आत्या,

गणपतीला दरवर्षी तुझा "ये" असा निरोप येतो. यंदा आला नाही, म्हणून मीही आले नाही. मोदक इथेच खाल्ले आणि ते फुटलेले होते.

आता माझं ऐक. आत्या, तू पहिला हात लिहिलाच नव्हतास. मी तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. सुई आहे, वाळू आहे, पोरांवर ओरडणं आहे, पहिला हात कुठेही नाही. तू म्हणशील, असलं कोणी लिहितं का, कालवणात मीठ घालायचं असतं हे सांगावं लागतं का? लागतं. मी उरणला वाढले, मी वाटप कधी पाहिलं नाही. तेव्हा अर्धी चूक तुझी. वाटा अर्धा, आणि यात पहिला हातही तुझाच.

भांडून झालं. आता काम. मी हितेशभाईंकडे पुन्हा गेले. ते वैतागले होते. म्हणाले, "बायकांना नको असेल तर रहने दो, आपला साधा नियम लावू, साठ म्हणजे साठ." मी त्यांना पहिला हात समजावला. त्यांना समजायला अजिबात वेळ लागला नाही. त्यांच्या घरी म्हणे दुकान उघडताना आजोबाच पहिली चावी लावायचे. तर आता असं आहे: ज्या अर्धा दिवस घेतील त्यांनी सगळ्यांच्या आधी निवडायचं. सकाळ की दुपार, कुठलं टेबल, कुठलं काम. त्यातही जी वयाने सर्वांत मोठी तिचा हात पहिला. त्यांचं झाल्यावर उरलेलं बाकीच्यांनी वाटून घ्यायचं.

पण त्यांची एक अट आहे. चार ऑक्टोबरला ते स्वतः येणार. त्या दिवशी बायकांनी हे घेतलं तर घेतलं. नाहीतर दिवाळीनंतर शाल आणि नारळ, सगळ्यांना, तुलासुद्धा. मी येणार नाही. माझी आत्या निवडणाऱ्यांत असताना मी तिथे उभी राहणं बरं दिसत नाही.

आणि सगळ्या तुझ्याकडे बघणार, तूच लिहिलंयस. मुकादमने नाही घेतलं तर कोणीच घेणार नाही.

अजून एक. विनेश म्हणतो, आत्या सकाळी गाडी भरायच्या आधी चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसते आणि चहा पीत नाही, नुसती बोटं शेकते. ठणठणीत माणसं असं करतात का गं?

कल्पिता


मोरखोल
२४ सप्टेंबर

चि. कल्पिता,

विनेशला सांग, त्याची पुढची गाडी मी बर्फाशिवाय भरून देणार आहे.

मिठाचं तू लिहिलंस ते बरोबर आहे. अर्धी चूक घेतली.

बोटांचं खोटं नाही. सकाळची वळत नाहीत. ऊन वर आलं की सुटतात. डॉक्टरने म्हसळ्याला तपासून सांगितलं, थंड पाण्यात हात घालू नका. मी म्हटलं, मग घालू कुठे? अल्पेशला कळलं तर त्याच दिवशी गाडी घेऊन येईल, म्हणून त्याला सांगितलं नाही आणि तुलाही नाही. तू पण सांगायचं नाहीस.

पहिल्या हाताचं बायकांना सांगितलं. जरा मऊ झाल्यात. आवडाबाई म्हणाली, बघू. तिचं "बघू" म्हणजे निम्मं हो. जनीने घ्यावं असं मला फार वाटतं. चिठ्ठ्यांचं टेबल तिला मिळालं पाहिजे. डबे बंद झाले की त्यावर चिठ्ठ्या चिकटवायच्या, बसून, कोरड्या हातांनी. दोनच खुर्च्या आहेत तिथे. आणि पाळी सकाळची, कारण तिचा नातू सकाळी रिक्षा घेऊन बंदरावर येतो, तिला दारात सोडतो. दुपारी तो म्हसळ्याला असतो. तिला खाडीच्या कडेने चालत यावं लागेल, ते गुडघे घेऊन.

मी मात्र अजून अडलेय. अर्ध्या दिवसाची मुकादम कशी असेल? उरलेल्या अर्ध्या दिवसात शेड कोणाचं ऐकणार? आणि खरं सांगू, मुकादम नसलेली तुळशी कशी असते ते मलाच ठाऊक नाही. नवरा गेला तेव्हा तिसऱ्या आठवड्यात मी शेडमध्ये परत आले होते. बायकांनी काही विचारलं नाही, पाटी पुढे सरकवली. तिथूनच मी उभी राहिले. ते अर्धं कसं करू?

आत्या


नेरूळ
२७ सप्टेंबर

ती. आत्या,

शेडला दोन पाळ्या, तर दोन मुकादम का नकोत? एक सकाळची, एक दुपारची. दुसरी कोण, ते तू ठरव. मी तसं निकेशला कळवलंय.

बाकी मी काही सांगत नाही. तुझा हात आहे, तुला हवं तिथे घाल. मला फक्त एवढं वाटतं की तू पनवेलच्या गॅलरीत बसू नयेस.

वाट बघते.

कल्पिता


मोरखोल
६ ऑक्टोबर, रविवार

चि. कल्पिता,

हे मी सकाळी अकराला लिहितेय, ओटीवर ऊन आल्यावर. अक्षर बघ, कसं सरळ आलंय.

शुक्रवारी तुझे हितेशभाई आले. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले, चहा घेतला, मासळीच्या वासाला नाक मुरडलं नाही. निकेशने विचारलं, "सगळ्यांत मोठं कोण? त्यांनी पुढे यावं." कोणी हललं नाही. आवडाबाई तर म्हणाली, मी अजून पन्नाशीतली. मग निकेशने शांतपणे सांगितलं की मोठीचा हात पहिला, आणि चिठ्ठ्यांच्या टेबलाला खुर्च्या दोनच. झालं. आवडाबाई एका दमात साठीच्या पार गेली. "मी जनीपेक्षा मोठी." दुसरी म्हणते, मी आवडीपेक्षा मोठी. आधार कार्डं काढली तर सगळ्या एक जूनच्या, साल पण अंदाजाचं. शाळेत मास्तरांनी जी तारीख घातली ती. हितेशभाई हसून हसून डोळे पुसायला रुमाल शोधत होते. "अरे, सगळ्यांचा बर्थडे एकाच दिवशी? मग केक पण एकच पुरेल."

शेवटी मीच निकाल लावला. जनीच्या हळदीला आवडाबाई परकरात नाचली होती, ते मी डोळ्यांनी बघितलंय. मग जनी मोठी. आवडाबाई फणकारली, पण हळद नाकारता येईना तिला.

जनी पुढे आली. एक एक गुडघा उचलत. मला वाटलं, आता सकाळची पाळी मागेल, सुटेल बिचारी. ती म्हणाली, "मला दुपारची पाळी पायजे. चिठ्ठ्यांचं टेबल पायजे. आन् शेजारच्या खुर्चीत तुळशी पायजे."

निकेश म्हणाला, "मावशी, काम निवडायचंय, माणूस नाही."

"मंग मी माझा हात मागं घेते. मला न्हाय पायजे."

मी तिच्या कानात म्हटलं, जने, खुळी झालीस काय, दुपारी तुला चालत यावं लागेल, आणि मी पूर्ण वाट्याची आहे. तर ती सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाली, "व्हय, पूर्ण वाट्याची. सकाळी तुझी बोटं वळत न्हाईत. तुझ्या टोपातली कोळंबी कोण सोलतं? दोन हंगाम झालं, तू पाट्या मोजायला उठलीस की मी तुझ्या टोपात हात घालते. तू माझं गुडघं लपवतेस, मी तुझी बोटं लपवते. आता दोघी मिळून बसू की कोरड्यात."

कल्पिता, मला हे माहीत नव्हतं. माझा टोप रिकामा व्हायचा आणि मला वाटायचं, बोटं सुटली की मी भरभर सोलते. मनातल्या मनात मिरवायचे पण. आणि जनीला सांभाळते म्हणून तुला पत्रात लिहून कळवत होते. भर शेडमध्ये हितेशभाईंसमोर मला रडू आलं. हुंदका नाही, नुसतं पाणी. पदराने पुसायला गेले तर पदराला खवलं, ती डोळ्यात गेली, मग खरंच रडले.

निकेशने हितेशभाईंकडे पाहिलं. ते म्हणाले, "चालशे, लिही. पहिला हात म्हणजे पहिला हात."

मग माझा नंबर होता. मी म्हटलं, दुपार, चिठ्ठ्यांचं टेबल, जनीच्या शेजारी. आवाज बरा निघाला. मग बाकीच्या जणींनी पटापट निवडलं. आवडाबाईने वजनाचा काटा घेतला, म्हणजे दिवसभर सगळ्यांवर डाफरता येईल. एक जण सोडून सगळ्यांनी अर्धा वाटा घेतला. ती एकटी म्हणाली, लेकीचं लग्न होईपर्यंत मी पूर्णच करीन, आणि हितेशभाई त्यालाही हो म्हणाले. सकाळची मुकादमकी मी प्राप्तीला दिली. हळू बोलते पण तिचं कोणी टाळत नाही, हे मी कधीचं बघून ठेवलंय. दुपारची मीच.

जनीच्या चालण्याचा बंदोबस्त केला. विनेश तुर्भ्याहून रिकामी गाडी घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी परत येतो, तो तिला वाडीवरून उचलणार. नाही म्हणायची त्याची टाप नाही, बोटांची चहाडी त्याने केली आहे. ज्या दिवशी गाडी नाही त्या दिवशी मी तिला आणायला जाणार. हळूहळू चालू, बोलायला खूप साठलंय.

अल्पेशला मी स्वतः फोन केला, गच्चीवर चढून. बोटांचं सांगितलं, अर्ध्या दिवसाचं पण सांगितलं. मग म्हणाला, दिवाळीला मीच येतो सगळ्यांना घेऊन. म्हणजे गॅलरी टळली.

काल शनिवार. शनिवारी शेडमध्ये खायची मासळी वाटतात हे तुला लिहायचं राहिलं असेल तर आता लिहिते, नाहीतर पुन्हा माझीच चूक काढशील. निकेश म्हणाला, आता इथे पण आधी तुमचा हात. जनीने बोंबील घेतले, नातवाला आवडतात. माझ्यासमोर पापलेट होतं, ताटाएवढं, डोळे लखलखीत. नवी लागलेली एक पोर माझ्या मागे उभी होती. मी हात घातला आणि ती म्हणाली, "आत्या, पापलेट सोडलंत?"

विनेशकडे डबा दिलाय, बर्फ भरपूर घातलाय. पोचल्याबरोबर काढ, मांदेली थांबत नाही. हळद, मीठ, तांदळाचं पीठ, आणि तेल चांगलं तापू दे. काट्यासकट खा.

तुझी, अर्ध्या वाट्याची,
तुळशीआत्या